रातपाळीच्या माणसाची झोप कोण राखणार?

सकाळी सातच्या सुमाराला घाटकोपर स्टेशनवर उभे राहिले की दोन गर्द्या दिसतात. एक गर्दी डबा घेऊन कामाला निघालेली, मेट्रोने अंधेरीकडे जाणारी. दुसरी त्याच जिन्यावरून उलट्या दिशेने उतरणारी. विमानतळावर रात्रभर लाद्या पुसलेल्या बाया, मरोळच्या एमआयडीसीतून आणि सीप्झमधून सुटलेली मुले, इस्पितळातल्या आया आणि वॉर्डबॉय, टॉवरच्या गेटवर रात्र काढलेले सिक्युरिटीचे काका, कॉल सेंटरमध्ये रात्रभर इंग्रजीत बोलून घसा बसलेली आपली शिकलेली पोरे. पहिल्या गर्दीचा दिवस सुरू होतो, तेव्हा दुसऱ्या गर्दीला झोपायचे असते. पण झोपायला मिळते का?

या दुसऱ्या गर्दीत आपल्या वस्त्यांमधली माणसे किती आहेत, ते वेगळे सांगायला नको. घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली, कुठल्याही वस्तीत दहा घरे फिरा, एक-दोन घरांत तरी कुणीतरी रातपाळीला असतेच. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर आम्ही रातपाळी आणि फिरती पाळी हा विषय घेतला आहे.

आमच्याकडे विहारात बीपी आणि शुगर तपासणी ठेवली जाते, तेव्हा एक गोष्ट नेहमी लक्षात येते. वय चाळीसच्या आसपास, अंगाने फार जाड नाही, घरात कुणाला साखर नाही, तरीही शुगर वाढलेली. कामाची वेळ विचारली की उत्तर येते, "नाईट असते." अशाच एका ताईंशी आम्ही बोललो. त्या एका इस्पितळात आया आहेत. आठवड्याला पाळी बदलते. रातपाळी करून सकाळी आठला घरी येतात, मुलांचा डबा, पाणी भरणे, भांडी, धुणे उरकून अकराला पाठ टेकतात. दुपारी दीडला मुले शाळेतून येतात की उठतात. "घरातले म्हणतात, दिवसभर झोपून तर असते," त्या हसत म्हणाल्या. अडीच तासांच्या झोपेला "दिवसभर" म्हणणारे घर एकट्या त्यांचेच नाही. ते आपल्यापैकी पुष्कळांचे आहे.

शरीरात खरेच घड्याळ असते

"सवय झाली की सगळे जमते," असे रातपाळीबद्दल सर्रास म्हणतात. यात तथ्य फार थोडे आहे. आपल्या मेंदूत, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, तांदळाच्या दाण्याहूनही लहान असा पेशींचा पुंजका आहे. त्यात साधारण वीस हजार चेतापेशी असतात. हेच शरीराचे मुख्य घड्याळ. केव्हा झोप यावी, केव्हा ताप उतरावा-चढावा, रक्तदाब केव्हा वाढावा, पोट केव्हा साफ व्हावे, हे सगळे या घड्याळाच्या तालावर चालते. हे घड्याळ पेशींच्या आत कसे चालते, ते फळमाशीवर प्रयोग करून शोधून काढल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तीन शास्त्रज्ञांना २०१७ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

हे घड्याळ रोज मिळवून घ्यावे लागते, आणि ते मिळवते उजेड. सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की घड्याळाला कळते, दिवस सुरू झाला. अंधार पडला की मेंदूतली एक ग्रंथी मेलॅटोनिन नावाचे संप्रेरक सोडू लागते आणि शरीर झोपेच्या तयारीला लागते. रात्री ट्यूबलाइटखाली किंवा मोबाइलच्या पडद्यासमोर बसले की हे मेलॅटोनिन दबते. सकाळी घरी परतताना लख्ख ऊन डोळ्यांत गेले की घड्याळ पुन्हा म्हणते, दिवस सुरू झाला, आता जागा हो. म्हणजे माणूस झोपायला निघालेला आणि शरीर उठायला निघालेले.

शिवाय यकृत, स्वादुपिंड, हृदय, आतडी यांचीही आपापली छोटी घड्याळे असतात. ती बऱ्याच अंशी जेवणाच्या वेळेवर चालतात. रात्री दोनला डबा खाल्ला की मेंदूतले घड्याळ म्हणते रात्र आहे, आणि यकृताचे घड्याळ म्हणते जेवणाची वेळ झाली. एकाच स्टेशनवरच्या दोन घड्याळांत दोन वेळा दाखवाव्यात, तसा हा गोंधळ. गाड्या चुकणारच.

फिरत्या पाळीत हा गोंधळ आणखी वाढतो. शरीराचे घड्याळ दिवसाला साधारण एक तास सरकते. फर्स्टवरून नाईटला आलेल्या माणसाचे घड्याळ आठ तास सरकायला आठवडा लागतो. ते सरकते न सरकते तोच पाळी बदलते. म्हणून आठवड्याला पाळी बदलणारा माणूस कधीच कुठल्याच पाळीचा होत नाही.

नुकसान नेमके काय होते

आम्हाला कुणाला घाबरवायचे नाही. पण जे सिद्ध झाले आहे ते माहीत असले पाहिजे.

पहिली गोष्ट झोपेची. रातपाळी करणाऱ्यांची दिवसाची झोप रात्रीच्या झोपेपेक्षा कमी भरते आणि तुटक असते. उजेड, गोंगाट आणि शरीराचे घड्याळ, तिन्ही आड येतात. ही तूट रोज साठत जाते.

दुसरी, अपघाताची. पहाटे तीन ते पाच या वेळात शरीराचे तापमान सगळ्यांत खाली जाते आणि झोप अनावर होते. मशीनवर बोट जाणे, चुकीचे इंजेक्शन भरले जाणे, गाडी चालवताना डुलकी लागणे, यांची ही वेळ. सलग सतरा तास जागा असलेला माणूस, दारूचे पेग घेतलेल्या माणसाइतकाच हळू प्रतिसाद देतो, हे १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी मोजून दाखवले. सकाळी उठून घरकाम करून रात्री दहाला ड्युटीवर चढलेली बाई पहाटे तीनपर्यंत सतरा तासांच्या पुढे गेलेली असते, हे लक्षात घ्या.

तिसरी गोष्ट साखरेची. रात्री आपले शरीर साखर नीट पचवू शकत नाही. जे जेवण सकाळी खाल्ल्यावर शुगर थोडी वाढते, तेच रात्री खाल्ल्यावर जास्त वाढते. अमेरिकेतल्या परिचारिकांचा १९७६ पासून चाललेला एक मोठा अभ्यास आहे. त्यात फिरत्या रातपाळीची वर्षे जितकी जास्त, तितका मधुमेहाचा धोका जास्त, असे २०११ मध्ये दिसून आले. आपल्या भारतीय लोकांना मधुमेह तसाही कमी वयात गाठतो. म्हणून आपल्याला ही गोष्ट जास्त लागू आहे.

चौथी, हृदयाची. वीस लाखांहून अधिक लोकांवरचे ३४ अभ्यास एकत्र करून २०१२ मध्ये एक हिशेब मांडला गेला. पाळ्यांमध्ये काम करणाऱ्यांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका २३ टक्के जास्त निघाला. सोप्या भाषेत, दिवसा काम करणाऱ्या माणसांत शंभर जणांना झटका आला, तर तितक्याच पाळीवाल्यांत एकशे तेवीस जणांना.

पाचवी, कर्करोगाची. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये रातपाळीला "बहुधा कर्करोगकारक" या गटात ठेवले. याचा अर्थ रातपाळी केली की कर्करोग होतोच, असा नाही. वर्षानुवर्षे रातपाळी केल्याने धोका वाढतो, असे मानायला पुरेसे कारण आहे, एवढा त्याचा अर्थ. डेन्मार्क देशाने वर्षानुवर्षे रातपाळी करून स्तनाचा कर्करोग झालेल्या काही स्त्रियांना कामामुळे झालेला आजार म्हणून भरपाई दिली. आपल्याकडे तशी सोय नाही. निदान इतके करता येईल की लांब काळ रातपाळी केलेल्या भगिनींनी स्तनात गाठ, ओढ किंवा स्राव दिसला तर "बघू नंतर" म्हणू नये.

याशिवाय पित्त, अपचन, बद्धकोष्ठ, पाळी अनियमित होणे, चिडचिड, उदासपणा, घरात बोलणे कमी होणे, हे तर रोजचेच. गरोदर स्त्रीने रातपाळीबाबत डॉक्टरांचा सल्ला लवकर घ्यावा. डेन्मार्कमधल्याच एका अभ्यासात एका आठवड्यात दोन किंवा अधिक रातपाळ्या झाल्या, तर पुढच्या आठवड्यात गर्भपाताचा धोका वाढलेला दिसला.

ही रात्र आली कुठून

गिरण्यांत विजेचे दिवे आले तेव्हापासून मुंबईच्या कामगाराची रात्र मालकाच्या हिशेबात आली. त्याआधी निदान सूर्य मावळला की साचा थांबायचा. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि त्यांच्या प्रयत्नांनी १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी पदरात पडली. शरीराला विश्रांती लागते, ही गोष्टही लढूनच मान्य करून घ्यावी लागली.

पुढे १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. १९४६ च्या कारखाने कायद्याच्या दुरुस्तीने आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले, ते विधेयक त्यांच्याच खात्याचे. आज ज्या ईएसआयच्या कार्डावर आपण दवाखान्यात जातो, त्या योजनेचा आराखडा प्रा. अडारकर यांनी १९४४ मध्ये दिला, तोही याच कारकिर्दीत. म्हणून कामाचे तास आणि विश्रांती हा आपल्यासाठी नुसता आरोग्याचा विषय नाही.

आणि आज? अंधेरीत १९७३ मध्ये सीप्झ उभे राहिले, मुलुंड-भांडुपचे कारखाने बंद होऊन तिथे मॉल आणि टॉवर आले, विमानतळ वाढला. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा हिवाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात झालेले असतात, म्हणून तिथले ऑफिस चालवायला इथली पोरे जागतात. टॉवरच्या गेटवर आठ तासांची ड्युटी कागदावर असते, प्रत्यक्षात बारा तास उभे राहावे लागते. रिलिव्हर आला नाही की डबल. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतली रोजच्या कामाची मर्यादा ९ वरून १२ तास आणि दुकाने-आस्थापनांत ९ वरून १० तास करण्याला मंजुरी दिली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा तशीच ठेवली आहे, हे खरे. पण बारा तासांची रातपाळी, त्यात जाण्यायेण्याचे तीन तास. झोपेला आणि घराला काय उरते, ते ज्याचे त्याने मोजावे.

घरात काय करता येईल

रातपाळी सोडा, असे सांगणे सोपे आहे. पण त्या पगारावर घर चालते, मुलांची फी भरली जाते. म्हणून रातपाळी करतानाच शरीर कसे सांभाळता येईल, ते पाहू.

• सकाळी सुटल्यावर ऊन टाळा. टोपी, ओढणी किंवा काळा चष्मा वापरा. मात्र मोटारसायकल चालवत असाल आणि झोप येत असेल तर गाडी तिथेच ठेवून बस किंवा लोकलने या. हेल्मेटपेक्षाही हे महत्त्वाचे.

• घरी आल्यावर कामाला हात न लावता आधी झोपा. सलग पाच-सहा तास झोप झाल्यावर संध्याकाळी ड्युटीआधी आणखी तासभर पडा. दोन तुकड्यांत सात तास भरले तरी चालते.

• खिडकीला जाड काळे कापड किंवा गोधडी लावा. खोली जितकी अंधारी तितकी झोप गाढ. पंख्याचा एकसारखा आवाज बाहेरचा गोंगाट दाबतो. कानात कापसाचे बोळे घाला. मोबाइल दुसऱ्याच्या हाती द्या.

• मुख्य जेवण ड्युटीवर जाण्याआधी करा. मध्यरात्रीनंतर भात, वडापाव, समोसा टाळा. फारच भूक लागली तर चणे, शेंगदाणे, उकडलेले अंडे, ताक, एखादे फळ. अमेरिकेत २०२१ मध्ये झालेल्या एका छोट्या प्रयोगात रातपाळीसारखे जागवलेल्या लोकांपैकी ज्यांनी फक्त दिवसा खाल्ले, त्यांची शुगर वाढली नाही. रात्री खाणाऱ्यांची वाढली.

• चहा पाळीच्या पहिल्या अर्ध्यात घ्या. झोपायच्या सहा तास आधी शेवटचा कप.

• परवानगी असेल तर पहाटे वीस मिनिटांची डुलकी घ्या. उठल्यावर तोंड धुऊन पाच मिनिटांनी कामाला लागा.

• जागे राहायला तंबाखू, मशेरी, गुटखा नको. झोप यावी म्हणून दारू तर मुळीच नको. दारूने डोळा लागतो, पण दोन-तीन तासांत झोप मोडते आणि उरलेली झोप कच्ची होते. पंचशील घेतलेल्यांना हे वेगळे सांगायला नको, तरीही सांगतो.

• बीपी, शुगर, फिट्स यांची औषधे चालू असतील तर डॉक्टरांना आपली पाळी सांगा. "सकाळी एक, रात्री एक" हे दिवसपाळीच्या माणसासाठी लिहिलेले असते. आपल्या मनाने गोळी पुढेमागे करू नका आणि सोडू तर नकाच.

• चाळिशीनंतर वर्षातून एकदा बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल तपासा. छातीत दुखणे, धाप लागणे, एका बाजूला मुंग्या येणे ही "जागरणाची" लक्षणे समजून घरी बसू नका.

पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि पगारातून ईएसआयचे पाऊण टक्का कापले जात असतील, तर कांदिवली, मुलुंड इथली ईएसआयची रुग्णालये आपलीच आहेत. कार्ड काढून घ्या, घरच्यांची नावे टाका. महापालिकेचे आपला दवाखाने संध्याकाळीही उघडे असतात, दिवसा झोपणाऱ्याला ते सोयीचे.

कामाच्या ठिकाणी काय मागावे

पाळी फिरवायचीच असेल तर पुढे फिरवा, ही पहिली मागणी असावी. सकाळ, मग दुपार, मग रात्र. आपले घड्याळ चोवीस तासांहून किंचित लांब आहे. त्यामुळे उशिरा झोपणे शरीराला लवकर झोपण्यापेक्षा सोपे जाते. रात्रीवरून दुपारी, दुपारवरून सकाळी अशी उलटी पाळी शरीराला जास्त जड जाते. यासाठी मालकाला एक पैसाही खर्च येत नाही, फक्त ड्युटीचा तक्ता उलटा लिहावा लागतो.

दुसरी, रातपाळी संपवून सुटलेल्याला त्याच दिवशी दुपारी परत बोलावू नये. कारखाने अधिनियम १९४८ मध्ये एक कलम होते. पाळी मध्यरात्र ओलांडत असेल तर सुट्टीचा दिवस म्हणजे पाळी संपल्यापासून पुढचे सलग २४ तास. सकाळी सातला सुटलेल्या माणसाची सकाळ सुट्टीत धरून "झाली तुझी सुट्टी" म्हणणे, हे त्या कायद्यालाही मान्य नव्हते.

तिसरी, जादा तासाचा दर दुप्पट. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या, त्यांतही दुप्पट दर कायम आहे. चाळीस वर्षांवरील कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी आणि स्त्रियांना रातपाळी द्यायची तर त्यांची संमती आणि सुरक्षेची सोय, हेही सरकारने जाहीर केले आहे. एकट्याने मागितले तर नोकरीवर गदा येते, म्हणून चार जणांनी मिळून, लेखी मागावे. ठेकेदाराकडे असाल तरी हजेरी, पगाराची पावती आणि जादा तासांची नोंद स्वतःच्या वहीत ठेवा.

आणि वस्तीने काय करावे

आता थोडे आपल्याबद्दल. रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर लावू नये, असा नियम २००० सालापासून आहे. तो रात्री झोपणाऱ्यांना राखतो. पण ज्याची रात्र सकाळी नऊला सुरू होते, त्याला कोण राखणार? हळदीचा डीजे, मंडळाचा स्पीकर आणि, प्रामाणिकपणे सांगायचे तर, आपल्या जयंतीचा स्पीकरसुद्धा त्याच्या उशाशी वाजतो. आवाज थोडा कमी केला आणि स्पीकरचे तोंड घरांकडून वळवले, तर बाबासाहेबांचा मान कमी होत नाही.

बाबासाहेबांच्या चरित्रातली एक गोष्ट आपण सगळे अभिमानाने सांगतो. परळच्या चाळीतल्या एका खोलीत अभ्यासाला जागा नव्हती. रामजीबाबा मुलाला लवकर झोपवत, स्वतः जागे राहत आणि रात्री दोनला त्याला अभ्यासाला उठवून मग आपण झोपत. आपण ही गोष्ट जागरणाची म्हणून सांगतो. नीट पाहिले तर ती झोप राखण्याचीही आहे. एका खोलीत, एकाने दुसऱ्याची झोप राखली.

आपल्या दहा बाय बाराच्या घरांतही हे करता येईल. घरात कुणी रातपाळीला असेल तर सकाळी नऊ ते तीन ही त्या माणसाची रात्र, असे ठरवून टाका. त्या वेळेत टीव्ही बंद, कुकर शेजारी, पाहुणे संध्याकाळी. ती व्यक्ती बाई असेल तर डबा, पाणी, धुणे घरातल्या पुरुषांनी आणि मोठ्या मुलांनी उचलावे. यात उपकार काही नाही, तिच्या जागरणावर घर चालते आहे. महिला मंडळाने शाळेतून येणाऱ्या मुलांना दुपारी दोन तास सांभाळले तर अनेक आयांची झोप पूर्ण होईल. आणि आमची एक सूचना आहे. आपली विहारे आणि समाजमंदिरे सकाळच्या वंदनेनंतर संध्याकाळपर्यंत बहुतेक बंदच असतात. तिथे पंखा आहे, सावली आहे, शांतता आहे. ज्यांना घरी झोपायला जागा नाही त्यांच्यासाठी एक कोपरा, चार सतरंज्या आणि खिडकीला काळे पडदे, एवढे प्रत्येक शाखेने पुढच्या सभेत विचारात घ्यावे. खर्च फार नाही.

त्या ताईंना आम्ही पुन्हा भेटलो. शुगर अजून पूर्ण उतरलेली नाही, गोळी चालू आहे. पण आता सकाळचा डबा नवरा करतो आणि दाराला आतून कडी असते. "आता साडेपाच तास झोप होते," त्या म्हणाल्या. "पहिले काही दिवस तर उठल्यावर मला कळेचना, किती वाजले ते."